इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलचे प्रवेश: मराठी आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च आला की स्लाऊ, रेडिंग, हॅरो, सटन, मिल्टन कीन्स इथल्या मराठी ग्रुपांवर तेच प्रश्न फिरू लागतात. उत्तरंही फिरतात, पण त्यातली बरीचशी ऐकीव असतात. कोणाच्या तरी शेजाऱ्याच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी जे लागू झालं, ते आपल्याला लागू होतंच असं नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. ह्या साऱ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे त्या त्या शाळेची त्या वर्षाची ॲडमिशन पॉलिसी, आणि हा कागद बहुतेक जण सर्वांत शेवटी उघडतात.

ग्रामर स्कूल म्हणजे नक्की काय? फी किती?

फी नाही. ह्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या माध्यमिक शाळा आहेत. फरक इतकाच की इयर सेव्हनला, म्हणजे मूल अकरा वर्षांचं होताना, प्रवेश परीक्षेवर मिळतो. त्या परीक्षेला सगळे इलेव्हन प्लस म्हणतात.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ही पद्धत देशभर पसरली. १९६० च्या दशकापासून बहुतेक भागांनी ती सोडली आणि सर्व मुलांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा आणली. १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर स्कूल काढायला बंदी घातली. आज इंग्लंडमध्ये १६३ उरल्या आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये एकही नाही, आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे. म्हणजे तुम्ही कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत राहता, ह्यावर हा विषय तुमच्या घरात येणार की नाही हे ठरतं. लीड्समध्ये किंवा ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्यांना बहुधा ह्यातलं काहीच करावं लागत नाही, आणि त्यांची मुलंही छान शिकतात.

आम्ही वर्क व्हिसावर आहोत. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) लिहिलंय. अर्ज करता येईल का?

हो, बिनधास्त करा. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये मोडत नाही. डिपेंडंट व्हिसावरच्या मुलाला इथल्या सरकारी शाळेत शिकता येतं, त्यात ग्रामर स्कूलही आली. राष्ट्रीयत्व बघून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी.

आमच्या भागात ग्रामर आहे, पण नियम प्रत्येक जण वेगळे सांगतो. असं का?

कारण नियम खरोखरच वेगळे आहेत. ढोबळमानाने तीन तऱ्हा दिसतात, आणि आपण कुठल्या तऱ्हेत बसतो हे आधी ओळखलं तर पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

पहिली तऱ्हा पूर्ण काउंटीच निवडीवर चालते ती. केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर आणि मेडवे ही तिची उदाहरणं. बकिंगहॅमशरमध्ये १३ ग्रामर आहेत. तिथे सरकारी प्रायमरीतल्या मुलांची परीक्षेसाठी नोंद आपोआप होते, नको असेल तर पालकांनी कळवायचं. काउंटीबाहेरच्या किंवा खाजगी शाळेतल्या मुलांना मात्र स्वतः नोंदणी करावी लागते. केंटमध्ये तर सर्वांनाच नोंदणी करावी लागते, आणि ती जूनमध्ये असते. ह्या भागांत परीक्षा म्हणजे जगावेगळं काही नसतं. वर्गातली बरीच मुलं बसतात. पण ज्यांना ग्रामर मिळत नाही त्यांच्यासाठीच्या उरलेल्या शाळांना खऱ्या अर्थाने कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणता येत नाही, कारण अभ्यासात पुढची बरीचशी मुलं आधीच वेगळी काढलेली असतात. तुम्ही ग्रामरचा विचार करत नसलात तरी घर घेताना हे ध्यानात ठेवा.

दुसरी तऱ्हा बेटांसारख्या शहरांची. स्लाऊमध्ये लँग्ली, हर्शल, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्‌स अशा चार ग्रामर, रेडिंगमध्ये रेडिंग स्कूल आणि केंड्रिक, बर्मिंगहॅममध्ये किंग एडवर्ड सिक्स्थ गटाच्या शाळा. इथे आजूबाजूला चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हही असतात. स्लाऊच्या चारही शाळांची परीक्षा एकच, पण चौघींचे प्रवेशाचे निकष वेगवेगळे.

तिसरी तऱ्हा लंडनच्या कडेच्या अटीतटीच्या शाळांची. बार्नेटची क्वीन एलिझाबेथ्स, हेन्रिएटा बार्नेट, किंग्स्टनच्या दोन टिफिन, सटनच्या पाच, ऑर्पिंग्टनची सेंट ओलेव्ह्‌ज. इथे एकेका जागेमागे कित्येक मुलं असतात, लांबलांबून येतात, आणि काही ठिकाणी परीक्षेच्या दोन फेऱ्या होतात. सटनच्या पाचही शाळांची पहिली फेरी सामाईक असते, दुसरी सगळ्यांची एकच नसते.

पास झाला म्हणजे जागा मिळाली ना?

नाही. ऑक्टोबरमध्ये पेढे वाटून मार्चमध्ये रडारड होते ती इथेच.

परीक्षेतला स्कोअर आधी फक्त पात्रता ठरवतो. स्लाऊच्या शाळांसाठी १११, बकिंगहॅमशरसाठी १२१. हा आकडा गाठणारी मुलं जागांपेक्षा जास्त असली की शाळा आपल्या पॉलिसीतला क्रम लावते. केअरमधली, म्हणजे कौन्सिल सांभाळतं ती, किंवा पूर्वी केअरमध्ये असलेली मुलं आधी. मग बऱ्याच ठिकाणी प्युपिल प्रीमियम मिळणारी मुलं, म्हणजे साधारणपणे ज्या घरांचं उत्पन्न कमी आहे ती. मग कुठे भावंडं, कुठे ठरलेल्या पोस्टकोडमध्ये राहणारी, कुठे शाळेपासूनचं अंतर, तर कुठे स्कोअरचा क्रम.

समजा, दोन मुलींना एकाच परीक्षेत १२३ आणि १३५ मिळाले. शाळा अंतर बघत असेल आणि १२३ वाली दीड मैलावर, १३५ वाली सात मैलांवर राहत असेल, तर जागा पहिलीला जाते. दुसरीचे बारा गुण तिथे काहीच कामाला येत नाहीत. उलट शाळा स्कोअरच्या क्रमाने घेत असेल, तर शाळेसमोरच्या इमारतीत राहणारी १२३ वाली बाहेर राहू शकते. म्हणून ‘किती स्कोअर लागतो?’ हा प्रश्न शाळेचं नाव आणि तुमचा पत्ता सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

शाळेच्या किंवा कौन्सिलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावर किंवा किती स्कोअरला गेली ते बहुधा मिळतं. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून बघा. एका वर्षाच्या आकड्यावर घर घेऊ नका.

परीक्षेत असतं काय?

बहुतेक ठिकाणी जीएल असेसमेंट ह्या कंपनीचे पेपर असतात. चार गोष्टी येतात: इंग्रजी, गणित, व्हर्बल रीझनिंग (शब्दांवरून तर्क) आणि नॉन-व्हर्बल रीझनिंग (आकृत्यांवरून तर्क). भागाप्रमाणे प्रमाण बदलतं. बकिंगहॅमशरमध्ये निम्मं वजन भाषेला आहे, पाव नॉन-व्हर्बलला आणि पाव गणिताला. केंटमध्ये एक लेखनाचा भाग असतो, तो एरवी तपासत नाहीत, मूल काठावर असेल तेव्हा बघतात. काही शाळा स्वतःचे पेपर काढतात.

नॉन-व्हर्बल बघितलं की मराठी आईबाबांचे डोळे चमकतात, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडच्या स्कॉलरशिप परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी आठवा: गटात न बसणारी आकृती, आरशातली प्रतिमा, घडी घातलेला कागद, मालिकेतली पुढची आकृती. नवोदयच्या परीक्षेतही तेच. आपल्यापैकी अनेकांनी ते चौथीला-सातवीला केलेलं आहे, त्यामुळे हा भाग घरी शिकवणं सर्वांत सोपं जातं.

गणितातही आपला हात धरणारं कोणी नाही असं वाटतं. तिथे जरा थांबा. गणित अवघड नसतं, प्रश्नाची भाषा अवघड असते. ‘एक बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी दर १८ मिनिटांनी. नऊ वाजता दोन्ही एकत्र सुटल्या, तर पुन्हा एकत्र केव्हा?’ लसावि ३६, उत्तर ९ वाजून ३६ मिनिटं. मूल लसावि झटक्यात काढतं आणि उत्तराच्या कागदावर ‘३६’ नोंदवून मोकळं होतं, कारण तोही पर्याय मुद्दाम दिलेला असतो. शेवटपर्यंत वाचून, नेमकं काय विचारलंय त्यावर बोट ठेवणं, ही सवय पन्नास जादा गणितांपेक्षा मोलाची.

दुसरी अडचण अशी की परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये होते. गुणोत्तर आणि बीजगणिताची तोंडओळख इथल्या अभ्यासक्रमात इयर सिक्सला आहे. काही शाळांच्या पेपरात त्याच्या जवळपासचे प्रश्न येतात, तेव्हा शाळेत ते शिकवलेलं नसतं. तेवढं घरी करून घ्यावं लागतं.

खरं घोडं पेंड खातं ते इंग्रजी शब्दसंग्रहापाशी. त्याबद्दल पुढे.

मुलाचा वाढदिवस ऑगस्टमधला आहे. वर्गात सर्वांत लहान. नुकसान होईल का?

नाही. स्कोअर वयानुसार काढतात. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते, त्यामुळे तेवढ्याच स्कोअरसाठी ऑगस्टच्या मुलाला सप्टेंबरच्या मुलापेक्षा थोडे कमी प्रश्न बरोबर आले तरी चालतात. घरी सोडवलेल्या पेपरातले ‘पन्नासपैकी बेचाळीस’ म्हणजे स्कोअर किती, हे म्हणूनच कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

तारखा कोणत्या लक्षात ठेवायच्या?

बहुतेक ठिकाणी इयर फाइव्हच्या एप्रिलपासून जूनपर्यंत परीक्षेची नोंदणी. प्रत्येक गटाची तारीख वेगळी, आणि चुकली की बहुतेक शाळा ऐकत नाहीत. सप्टेंबरमध्ये परीक्षा. ऑक्टोबरमध्ये निकाल, ३१ ऑक्टोबरच्या आत निकाल कळवण्याचा पूर्ण प्रयत्न शाळांनी करावा, असा नियम आहे. ३१ ऑक्टोबर ही कौन्सिलच्या फॉर्मची शेवटची तारीख. १ मार्चला, किंवा त्या दिवशी सुटी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, देशभर ऑफर येतात.

परीक्षेची नोंदणी वेगळी आणि कौन्सिलचा फॉर्म वेगळा. नोंदणी शाळेकडे किंवा शाळांच्या गटाकडे होते, फॉर्म तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे भरायचा, शाळा दुसऱ्या कौन्सिलमध्ये असली तरीही. परीक्षा उत्तम देऊन फॉर्मवर त्या शाळेचं नावच लिहिलं नाही तर जागा मिळत नाही. आणि उन्हाळ्यात भारतवारीची तिकिटं काढताना परतीची तारीख बघून काढा. विमान उतरल्यावर चार दिवसांनी परीक्षा, हे मुलावर अन्यायाचं आहे.

तयारी कधीपासून? क्लास लावावाच लागतो का?

पहिलं उत्तर: इयर फोरच्या शेवटापासून किंवा इयर फाइव्हच्या सुरुवातीपासून नेमाने थोडं थोडं, हे पुरेसं आहे. इयर टूपासून क्लासला जाणारी मुलं दिसतात. मला त्या मुलांचं वाईट वाटतं. सहा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी वाचावं, खेळावं, भांडावं. पेपर सोडवू नयेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वेळेवर आहे. आईबाबांपैकी एकाला आठवड्याचे चार-पाच दिवस अर्धा तास शांतपणे बसता येत असेल आणि मुलाशी त्यावरून खटके उडत नसतील, तर बॉण्ड किंवा सीजीपीची पुस्तकं आणि जीएलने स्वतःच्या वेबसाइटवर मोफत दिलेले नमुना पेपर एवढ्यावर भागतं. खटके उडत असतील तर क्लास लावा. त्यात कमीपणा नाही. काही मुलं बाहेरच्या माणसाचं जितकं ऐकतात तितकं घरच्यांचं ऐकत नाहीत. लावताना तीन गोष्टी विचारा: कोणत्या शाळांची तयारी करून घेता, चुकलेल्या प्रश्नांवर परत काम करता का, आणि मूल ह्या परीक्षेसाठी योग्य वाटलं नाही तर तसं सांगता का. तिसऱ्या प्रश्नावर जो गप्प होतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

मॉक परीक्षा दोन-तीन पुरतात. त्यांचा उपयोग अनोळखी हॉलमध्ये अनोळखी मुलांमध्ये बसायची भीती जाण्यासाठी. दर रविवारी मॉक आणि दर रविवारी क्रमांक, ह्याने मूल शिकत नाही, फक्त मोजलं जातं.

वेळ मिळावा म्हणून शनिवारची मराठी शाळा बंद करू का? घरी इंग्रजीतच बोलावं का?

दोन्ही करू नका. हे मी ठासून सांगते.

इथे शब्दसंग्रहाचा मुद्दा येतो. ‘रिलक्टंट’, ‘फ्रूगल’, ‘ऑब्स्टिनेट’ असे शब्द परीक्षेत येतात, आणि ज्या घरात इंग्रजी ही ऑफिसची भाषा आहे त्या घरात ते जेवताना कानावर पडत नाहीत. आपलं घरगुती इंग्रजी कामापुरतं असतं. ते घरभर पसरवलं तर मुलाला नवे शब्द मिळत नाहीत, मराठी मात्र जाते. नवे शब्द पुस्तकांतून मिळतात: लायब्ररीतून आठवड्याला दोन-तीन पुस्तकं, त्यांत थोडी जुन्या वळणाच्या इंग्रजीची, आणि वाचताना अडलेला शब्द वहीत. मग तो शब्द मराठीतून समजावून सांगा. ‘ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, आपल्या आजोबांसारखा’ असं सांगितलं की मूल तो जन्मात विसरत नाही. संकल्पना एका भाषेत पक्की असली की दुसऱ्या भाषेत तिला नाव द्यायला वेळ लागत नाही.

मराठी शाळा आठवड्याला दोन तासांची. तेवढ्या दोन तासांनी कोणाचा प्रवेश हुकत नाही. पण दहाव्या वर्षी सोडलेली मराठी पुढे परत धरणारी मुलं मी फार थोडी पाहिली. शेवटच्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवडे सुटी घ्यायची तर शिक्षकांना सांगून घ्या, आणि परीक्षा झाल्याच्या पुढच्या शनिवारी परत जा.

मूल हुशार आहे, पण ग्रामर त्याला मानवेल का, हे कसं ओळखायचं?

शाळेतल्या शिक्षकांना सरळ विचारा. बरेच शिक्षक परीक्षेबद्दल बोलायचं टाळतात, पण ‘वर्गात तो नवी गोष्ट किती लवकर उचलतो?’ ह्याचं उत्तर देतात. घरी एवढं बघा: अवघड प्रश्न आला की मूल त्याच्याशी झटतं की लगेच सोडून देतं? प्रायमरीत पहिला नंबर असलेलं मूल ग्रामरमध्ये गेल्यावर तीस मुलांच्या वर्गात सतरावं असू शकतं. काही मुलांना आपल्यासारखी मुलं भेटल्याचा आनंद होतो, आणि एरवी गप्प बसणारी मुलगी तिथे बोलू लागते. काहींचा आत्मविश्वास मात्र खचतो. दोन्ही प्रकारची मुलं हुशारच असतात.

शाळा बघायला मुलाला घेऊन जा, आणि ग्रामरबरोबर जवळची कॉम्प्रिहेन्सिव्हही त्याच उत्साहाने बघा. प्रवासाचाही हिशेब करा. दोन गाड्या बदलून सव्वा तास जाणं आणि सव्वा तास येणं, तेही डिसेंबरच्या अंधारात, सात वर्षं. लंडनमध्ये ११ ते १५ वयाला बस मोफत आहे, ट्रेन नाही. कौन्सिलचा मोफत प्रवास साधारणपणे तीन मैलांपलीकडच्या ‘सर्वांत जवळच्या योग्य’ शाळेसाठी असतो, आणि लांबची ग्रामर त्यात सहसा बसत नाही.

परीक्षेच्या दिवशी काय होतं?

सकाळी गेटपाशी लांब रांग. मुलांच्या हातात प्रवेशपत्र आणि पारदर्शक पाऊचमध्ये दोन पेन्सिली आणि खोडरबर. पालक बाहेर थांबतात, मुलांना दहा-वीसच्या गटांनी आत नेतात. सूचना बऱ्याच ठिकाणी ध्वनिफितीवरून येतात, शिक्षक जादा काही समजावत नाहीत. उत्तरपत्रिका वेगळी असते आणि मशीन ती तपासतं: योग्य चौकोनात आडवी रेघ मारायची.

एक मुलगा चौदावा प्रश्न सोडून पंधराव्याकडे जातो, पण रेघ चौदाव्याच्या चौकोनात मारतो. पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. हे होऊ नये म्हणून घरी सराव करताना उत्तरं पुस्तकातच लिहायची सवय मोडा. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून बघायला शिकवा.

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न ‘कसा गेला पेपर?’ नको. ‘भूक लागली का?’ विचारा.

फॉर्मवर शाळांचा क्रम कसा लावायचा? पहिली पसंती दिली नाही तर शाळा रागावते का?

तुम्ही तिला कितवी पसंती दिलीत हे शाळेला कळतच नाही. प्रत्येक शाळा आपल्या निकषांवर मुलांची यादी करते आणि कौन्सिलला देते. कौन्सिल बघतं की मूल तुमच्या यादीतल्या कोणकोणत्या शाळांत बसतं, आणि त्यातली सर्वांत वरची देतं. त्यामुळे मनापासून हवी ती शाळा वर ठेवली म्हणून खालच्यांची संधी कमी होत नाही.

लंडनमध्ये सहा नावं लिहिता येतात, केंटमध्ये चार, काही ठिकाणी तीनच. सहाच्या सहा ग्रामर लिहिणारे पालक दर वर्षी असतात. एकीतही बसलं नाही तर कौन्सिल जिथे जागा उरली आहे तिथे पाठवतं, आणि तोवर जवळच्या चांगल्या शाळा भरून गेलेल्या असतात. तेव्हा यादीत अशी एक शाळा हवीच जिथे अंतराने तुमचं नाव जवळजवळ नक्की लागतं आणि जिथे मुलाला पाठवायला तुम्हाला खरोखर चालेल. पळत्याच्या मागे लागून हातचं घालवू नका.

प्रवेशापुरतं शाळेजवळ भाड्याने घर घेतलं तर?

खरंच राहायला जात असाल तर हरकत नाही, अनेक कुटुंबं जातात. पण पॉलिसीत पत्ता कोणत्या तारखेला धरतात ते वाचा. नुसता कागदोपत्री पत्ता दाखवू नका. कौन्सिल टॅक्सचं बिल, भाडेकरार, जुन्या घराचं काय केलं, हे सगळं विचारलं जातं, आणि खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते. भोगावं मुलाला लागतं.

मुलाला डिस्लेक्सिया किंवा ऑटिझम आहे. परीक्षेला बसता येईल?

हो. जादा वेळ, मोठ्या अक्षरांचा पेपर, वेगळी खोली अशा सोयी मिळू शकतात, पण त्या नोंदणीच्या वेळीच पुराव्यासह मागाव्या लागतात. शाळेत एरवीही तीच सोय दिली जाते असं प्रायमरीचं पत्र उपयोगी पडतं. ईएचसीपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी कौन्सिलने केलेली अधिकृत योजना, असेल तर प्रवेशाचा मार्गच वेगळा आहे, त्यासाठी कौन्सिलच्या अधिकाऱ्याशी इयर फाइव्हमध्येच बोला.

स्कोअर थोडक्यात हुकला. अपील करावं का?

आधी बघा, परीक्षेनंतर तुमच्या भागात पुनर्विचाराची सोय आहे का. केंटमध्ये निकालाआधीच प्रायमरीचे मुख्याध्यापक काठावरच्या मुलाचं नाव पुढे करू शकतात. बकिंगहॅमशरमध्ये निकालानंतर सिलेक्शन रिव्ह्यू मागता येतो.

अपील मात्र मार्चमधल्या ऑफरनंतर. ऐकणारं मंडळ शाळेबाहेरचं आणि स्वतंत्र असतं, किमान तिघांचं. कळवल्यापासून किमान २० शालेय दिवसांचा वेळ तयारीला मिळतो. मंडळाला दोन गोष्टी पटवाव्या लागतात: मूल त्या पातळीचं आहे, आणि त्याला ही शाळा का हवी. पहिल्यासाठी शाळेचे रिपोर्ट, शिक्षकांचं पत्र, वह्या. परीक्षेच्या सुमारास घरात आजारपण किंवा दुःख झालं असेल तर डॉक्टरांचा कागद. ‘त्याने खूप मेहनत केली होती’ हे खरं असलं तरी मंडळापुढे त्याचा उपयोग होत नाही. रिव्ह्यू आधी झालेला असेल तर मंडळ मुख्यतः तो नीट आणि न्यायाने झाला का एवढंच तपासतं, म्हणून रिव्ह्यूच्या वेळीच हातचं काही राखून ठेवू नका.

मुलाला निकाल कसा सांगायचा? आजीआजोबा रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात.

निकालाची ईमेल आधी तुम्ही एकट्याने वाचा, आणि चेहरा ठीक झाल्यावर मुलाला बोलवा. दहा वर्षांचं मूल आकडा विसरतं, आईचा चेहरा विसरत नाही. साध्या वाक्यात सांगा: ‘ह्या शाळेसाठीचा स्कोअर आला नाही. आपण दुसरी शाळा बघितली होती ना, तिथे जाऊ.’ रडू आलं तर रडू द्या.

पुण्या-नाशिकच्या आजीआजोबांना परीक्षेच्या आधीच सांगून ठेवा, की ही आपल्या स्कॉलरशिपसारखी गावात नाव होण्याची परीक्षा नाही, इथे घराच्या अंतरावरही जागा ठरते. निकाल तुम्ही स्वतः फोन करून सांगा. ते काम मुलावर टाकू नका. आणि ग्रुपवर स्कोअर टाकू नका, चांगला असला तरी. त्याच ग्रुपवर, त्याच मिनिटाला, दुसऱ्या कोणाच्या घरी ती ईमेल उघडलेली असते.

ग्रामर मिळाली नाही तर मूल मागे पडतं का?

निकालाच्या तक्त्यात ग्रामर वर दिसतात, कारण त्या मुळातच पुढची मुलं निवडतात. डरहम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुलांची आधीची पातळी आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर, ग्रामरमुळे निकालात वेगळी भर पडते असं दिसलं नाही. चांगल्या कॉम्प्रिहेन्सिव्हच्या टॉप सेटमधली, म्हणजे विषयाच्या वरच्या गटातली, मुलं तीच पुस्तकं वाचतात आणि तोच जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचा, पेपर देतात. शाळा बघताना प्रोग्रेस एटचे, म्हणजे प्रायमरीनंतर मुलं किती पुढे गेली त्याचे, जुने आकडे बघा (२०२४-२५ आणि २०२५-२६ साठी ते काढलेले नाहीत), आणि वरच्या सेटमध्ये गणित आणि विज्ञान कोण शिकवतं ते विचारा.

खाजगी शाळेचा पर्याय अनेकांच्या मनात असतो. १ जानेवारी २०२५ पासून त्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो. बर्सरी, म्हणजे फीत सवलत, मिळते, पण मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांना. दोन मुलं असतील तर सात वर्षांचा पूर्ण हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका.

मार्चनंतर काही संधी उरते का?

उरते. वेटिंग लिस्टवर नाव ठेवा. मिळालेली दुसरी शाळा स्वीकारली म्हणून वेटिंग लिस्टवरचं नाव खाली जात नाही, तेव्हा ती आधी स्वीकारा. यादी प्रवेशाच्या निकषांवरच चालते, कोणी आधी नाव दिलं त्यावर नाही, आणि ती किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते. मार्च ते जुलै नावं बरीच हलतात, कारण काही कुटुंबं घर बदलतात, काही खाजगीकडे जातात, काही परत भारतात जातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही फोन येतात.

काही ठिकाणी इयर एट-नाइनसाठी ट्वेल्व्ह प्लस, थर्टीन प्लस परीक्षा असतात, बकिंगहॅमशरमध्ये आहेत. जागा मोजक्याच. खरं मोठं दार उघडतं ते सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना: बऱ्याच ग्रामर इयर ट्वेल्व्हला बाहेरची मुलं घेतात, आणि तिथे इलेव्हन प्लस कोणी विचारत नाही, जीसीएसईच्या ग्रेड बघतात. अर्ज इयर इलेव्हनच्या हिवाळ्यात सुरू होतात. प्रत्येक विषयासाठी किमान कोणती ग्रेड हवी ते शाळेच्या वेबसाइटवर असतं, आणि ते इयर नाइनमध्ये, जीसीएसईचे विषय निवडण्याच्या आधीच, बघून ठेवायला हवं.